पन्नाशीतल्या बापूंसाठी लातुरातली विस्मरणाची ओपीडी: आमचा अनुभव

डाउन सिंड्रोम (जन्मापासूनच असणारा, बुद्धीची वाढ मंद ठेवणारा गुणसूत्रांतला फरक) असलेलं माणूस ज्यांच्या घरात चाळिशीच्या पुढं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लातुरात एका मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात गुरुवारी दुपारी विस्मरणाच्या पेशंटसाठी वेगळी ओपीडी चालते. येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा. पण डाउन सिंड्रोमच्या मोठ्या माणसांनाही तिथं बघतात आणि त्यांना तपासायची पद्धत वेगळी ठेवलीय, हे मला एका विशेष शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, डॉक्टरांनीच नको म्हटलंय. एका दुपारी मोजकेच पेशंट घेतात, गर्दी झाली तर नीट बघणं होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या विशेष शाळांत चौकशी केलीत तर पत्ता मिळेल.

बापू माझे धाकटे दीर. सगळं घर बापू म्हणतं, मी भावजी म्हणते, ते मला वैनी. १९७४ चा जन्म, तेव्हा सासूबाई एकेचाळीस वर्षांच्या होत्या. १९९६ ला मी उदगीरहून लग्न होऊन ह्या घरात आले, तेव्हापासून बघतेय, गंजगोलाईजवळचं आमचं किराणा दुकान उघडायचं ते बापूंनीच. किल्ल्या त्यांच्या करदोट्याला. शटर वर गेलं की गणपतीच्या फोटोला उदबत्ती, मग गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून पुड्या बांधायच्या. वजन माझे हे करून द्यायचे, कागद आणि दोरा बापूंचा. हळद, जिरं, चहापत्ती, साबुदाणा. अक्षरओळख नाही, आकडे दहाच्या पुढं नाहीत, पण कुठल्या काकूंना कुठली चहापत्ती लागते हे तोंडपाठ. काकू पायरी चढायच्या आत पुडी हातात.

हे एवढं खोलात लिहिलं, कारण ओपीडीत आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला: बापू तीस-पस्तीस वर्षांचे होते तेव्हा काय काय करायचे?

त्याआधी आम्ही दुसरीकडं दाखवलं होतं. दोन वर्षांपासून बापू गप्प होत चालले होते. किल्ल्या कुठंही ठेवायचे. जेवण झाल्यावर परत ताटावर येऊन बसायचे. सिद्धेश्वराच्या देवळात पायरीपाशी थांबून राहायचे, पाय उचलायचाच नाही. कधी नाही ते चिडायला लागले, एकदा तर माझ्या धाकट्याच्या अंगावर पेला भिरकावला. सासूबाई नुकत्याच गेलेल्या, त्यामुळं भावकीतलं प्रत्येक माणूस म्हणायचं, आईचं मनाला लावून घेतलंय. आधीच्या दवाखान्यात तर बापूंकडं नीट न बघता 'ह्या लोकांचं असंच असतं, आता वय झालं' म्हणून टॉनिक लिहून दिलं. माणसाच्या प्रत्येक तक्रारीचं खापर त्याच्या डाउन सिंड्रोमवरच फोडायचं, मग कान दुखू दे नाहीतर पाय. हा अनुभव ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्या सगळ्यांना असणार.

इथं तसं झालं नाही. पहिल्या भेटीला दीड तास लागला, त्यातला निम्मा वेळ समुपदेशक ताई आमच्याशी बोलत होत्या. विस्मरणाची नेहमीची चाचणी म्हणजे आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे चित्र उतरवून काढा. बापूंना हे विसाव्या वर्षीही आलं नसतं. मग आज आलं नाही, ह्यावरून काय ठरवायचं? ताईंनी ते सरळ सांगितलं. बापूंची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बापूंशीच करायची. त्यासाठी लांबलचक प्रश्नावली असते आणि ती पेशंटनं नाही, त्याला रोज बघणाऱ्या माणसानं भरायची. कपडे स्वतः घालतात का, गुंड्या लावतात का, आंघोळीचं पाणी विसणतात का, घरातली वाट चुकतात का, रात्री उठून फिरतात का, आवडीची कामं सोडलीत का. प्रत्येक प्रश्नाला 'आधीपासून असंच, का अलीकडं?' हे विचारतातच.

माझे हे म्हणाले, विसरणं कसलं, बापूला किल्लारीच्या भूकंपाचंसुद्धा आठवतंय. मग मी सांगितलं. १९९३ ला अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. बापू तेव्हा एकोणीस वर्षांचे, सासूबाईंनी त्यांना अंगणात ओढत नेलं होतं. तेव्हापासून दरवर्षी विसर्जन झालं की बापू आपली वळकटी उचलून अंगणात जायचे. पाऊस असला तर पोर्चमध्ये, पण घरात झोपायचे नाहीत. सासऱ्यांनी रागावून बघितलं, उपयोग नाही. गेली दोन वर्षं मात्र विसर्जनाच्या रात्री ते आत पलंगावर झोपून गेले, आणि घरातले सगळे म्हणाले, चला, भीती गेली एकदाची. ताईंनी पेन थांबवलं, परत सगळं विचारून घेतलं आणि तारखेसकट लिहिलं. असलं काही दवाखान्यात सांगण्यासारखं असतं, असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

पुढं त्यांनी जे केलं त्यासाठी मी ह्या जागेला पैकीच्या पैकी मार्क देते. पुड्यांचं ऐकल्यावर ताईंनी खालच्या मेडिकलमधून जुना पेपर आणि दोऱ्याची रीळ मागवली. टेबलावर मूठभर तांदूळ ठेवले आणि बापूंशी बोलल्या, आमच्याशी नाही. "बापूकाका, मला पावशेर तांदूळ बांधून द्या बरं." बापूंचा चेहराच उजळला. पेपर फाडला, तांदूळ मधे घेतले, दोन्ही कडा जुळवून घडी घातली, कोपरे आत दुमडले. हात एकदम पूर्वीसारखे. मग दोरा घेतला, पुडीवर एक आडवा वेढा दिला, एक उभा दिला. आणि थांबले. गाठीसाठी बोट कुठं द्यायचं ते हाताला सापडेना. दोरा परत सोडवला, परत वेढा दिला, परत तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी दोरा तसाच सोडून पुडी ताईंपुढं सरकवली आणि माझ्याकडं बघितलं. ताईंनी पुडी उचलली, "लई छान" म्हणाल्या, कपाटात ठेवली. बापूंना कुठंही कमीपणा येऊ दिला नाही. ह्यांनी मात्र तोंड फिरवलं. पस्तीस वर्षं शेजारी बसून पुड्या बांधणारा भाऊ.

एवढं दिसल्यावरही डॉक्टरांनी त्या दिवशी अल्झायमरचं, म्हणजे विस्मरण वाढत नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, नाव घेतलं नाही. आधी बाकीची कारणं बाजूला काढू, म्हणाले. डाउन सिंड्रोमच्या मोठ्या माणसांत थायरॉइड मंदावणं फार सापडतं, आणि त्यानं माणूस सुस्त, गप्प, विसराळू होतो. मोतीबिंदू लवकर येतो. ऐकू कमी येतं, कानाची नळी अरुंद म्हणून मळ साठून बसतो. झोपेत श्वास अडकतो, मग दिवसभर डुलक्या आणि चिडचिड. बी-१२ कमी असू शकतं. मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असला तर चालणं बिघडतं. आणि आई गेल्याचं दुःखही खरंच असतं, उदासीचा आजार अशा माणसांनाही होतो. हे सगळं वरून विस्मरणासारखंच दिसतं, आणि ह्यातलं बरंचसं बरं होतं.

बापूंच्या बाबतीत थायरॉइड बिघडलेला निघाला, दोन्ही कानांत मळाचे खडे निघाले आणि उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. गोळी सुरू झाली, कान साफ केले, डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. तीन-चार महिन्यांत फरक कळला. देवळाची पायरी चढायला लागले, म्हणजे तिथं थांबायचे ते दिसत नव्हतं म्हणून! टीव्हीचा आवाज कमी झाला, पेला भिरकावणं बंद झालं. ज्यांना कुणाला घरातल्या माणसाबद्दल 'वय झालं' म्हणून परत पाठवलंय, त्यांनी निदान एवढ्या तपासण्या तरी मागून घ्याव्यात. रक्ताच्या तपासण्या लातुरात कुठंही होतात.

गाठ मात्र परत आली नाही. किल्ल्या, जेवल्याचं विसरणं, रात्री उठून दुकानाला जायचंय म्हणणं, हे वाढतच गेलं. शिवाय सकाळी उठल्या उठल्या बापूंचे हात झटका बसल्यासारखे उडायला लागले, चहाची बशी सांडायची. मी मोबाइलवर शूटिंग करून नेलं. ते बघून डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, करायला सांगितला आणि मग आम्हाला दोघांना बसवून निदान सांगितलं: अल्झायमर.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं लिहिते. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात, हे १९५९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. त्याच एकविसाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्यापासून जे प्रथिन तयार होतं त्याचे तुकडे होऊन अमायलॉइड बनतं. अल्झायमर झालेल्या मेंदूत ज्याचे थर साठतात ते हेच. डॉक्टर म्हणाले, दोन नळांऐवजी तीन नळ चालू आणि मोरी तेवढीच, तर काय होईल? चाळिशीपर्यंत डाउन सिंड्रोमच्या जवळपास प्रत्येक माणसाच्या मेंदूत हे थर दिसतात. लक्षणं मात्र लगेच येत नाहीत. सरासरीनं पंचावन्नच्या आसपास ती कळायला लागतात, कुणाला आधी, कुणाला बऱ्याच उशिरा. आयुष्यभराचा धोका नव्वद टक्क्यांच्या वर. बाकीच्या लोकांत सत्तरी-ऐंशीत येणारा आजार इथं वीस-पंचवीस वर्षं आधी येतो. आणि सुरुवात विसरण्यानंच होईल असं नाही. गप्प होणं, हट्ट वाढणं, कामाचा क्रम चुकणं हे आधी दिसतं.

ह्यांनी विचारलं, मग आमच्या लहानपणी असं कधी ऐकलं का नाही? उत्तर ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. तेव्हा ही माणसं त्या वयापर्यंत जगतच नव्हती. अमेरिकेतसुद्धा १९८३ च्या सुमाराला डाउन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं होतं, आज ते साठच्या घरात आहे. हृदयाची ऑपरेशनं होऊ लागली, औषधं आली, घरच्यांनी जपलं. सासूबाईंना बापूंच्या जन्मावेळी सुईण म्हणाली होती, हे पोर फार दिवसांचं नाही. सासूबाईंनी त्याला पन्नाशीपार नेलं. ते कुठल्या कागदावर आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

औषधांबद्दल डॉक्टर खोटी आशा लावत नाहीत, हे मला आवडलं. डोनेपेझिल नावाची गोळी सुरू केली, पण त्याआधी ईसीजी काढला, कारण तिनं नाडी मंदावू शकते. थोडा फायदा झाला तर होईल, नाही झाला तर बंद करू, असं स्पष्ट सांगितलं. मेमँटिन म्हणून दुसरी गोळी असते, कुणीतरी पाहुण्यांनी सुचवली होती. डाउन सिंड्रोमच्या चाळिशीपुढच्या माणसांवर तिची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि फायदा दिसला नाही, म्हणून ती दिली नाही. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल आमच्या मुलानं विचारलं. त्यांच्या मुख्य चाचण्यांत डाउन सिंड्रोमची माणसं घेतलीच नव्हती, आणि अशा माणसांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड जास्त साठत असल्यानं रक्तस्रावाची भीती मोठी, म्हणून नको म्हणाले. हात उडण्यावर फिटची वेगळी गोळी दिली, तिचा गुण मात्र आठवड्यात आला. बशी सांडायची थांबली. ह्या आजारात डाउन सिंड्रोमच्या माणसांना फिट येणं फार होतं, म्हणून असे सकाळचे झटके दिसले तर 'थंडीनं होत असेल' म्हणून सोडू नका.

घरासाठी सांगितलेल्या गोष्टी बिनपैशाच्या आहेत आणि औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडल्या. 'आत्ताच तर जेवलात' असं म्हणायचं नाही, वाटीभर चुरमुरे पुढं ठेवायचे. आई कुठं म्हणून विचारलं तर प्रत्येक वेळी मेली म्हणून सांगायचं नाही, 'आईच्या हातचं काय आवडायचं?' म्हणून तिच्याविषयी बोलायचं. न्हाणीघराची काळी फरशी त्यांना खड्ड्यासारखी दिसते, म्हणून आत जायला घाबरतात. तिच्यावर फिकट रंगाची, न घसरणारी चटई घातली आणि आंघोळीची भांडणं संपली. पाणी पिताना ठसका लागतो का, ह्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, कारण घास चुकून छातीत जाणं आणि न्यूमोनिया होणं हा पुढच्या टप्प्यातला सगळ्यात मोठा धोका. बापूंना दुकानात न्यायचं बंद करू नका, हेही सांगितलं. ते अजून रोज येतात. कागदाची घडी ते घालतात, गाठ हे मारतात.

आता उणिवा. ओपीडी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. चालताना तोल जाणाऱ्या पेशंटसाठी असली जागा निवडणं मला अजिबात पटलेलं नाही. जिन्याला कठडा एकाच बाजूनं. वेळ तीनची देतात, नंबर साडेचार-पाचला लागतो, बसायची जागा सगळ्यांना एकच. कुणी रडणारं, कुणी ओरडणारं, त्यात बापूंसारखं माणूस घाबरून जातं. आम्ही गच्चीच्या दाराशी उभे राहायचो. छापील प्रश्नावली सगळी इंग्रजीत आहे, ताई तोंडी मराठीत विचारतात म्हणून निभावतं, त्या रजेवर असल्या की काही खरं नाही. ईईजी करणाऱ्या मुलाला अशा पेशंटची सवय नव्हती, "काका, हलू नका" म्हणून मोठ्यानं दोनदा बोलला. मी तक्रार केली तेव्हा पुढच्या वेळी ताई स्वतः शेजारी बसल्या, एवढं खरं.

सगळ्यात मोठी उणीव ह्या ओपीडीची नाही, आपल्या भागाची आहे. निदान झाल्यावर दिवसभर कुठं सोडायची सोय नाही. विशेष शाळा आणि कार्यशाळा मोठ्या वयाच्या माणसाला घ्यायला कुरकुरतात, आणि वृद्धांच्या संस्था डाउन सिंड्रोम म्हटलं की हात वर करतात. दोन्हींच्या मधे ही माणसं अडकलीत. मराठवाड्यात कुणी अशी दिवसाची सोय सुरू केली तर पहिलं नाव आम्ही नोंदवू आणि लागेल ती मदत करू, हे मी मनापासून लिहितेय.

खर्च सांगते. पहिल्या भेटीचे आठशे, त्या लांब तपासणीचे वेगळे पंधराशे, फेरतपासणीला चारशे. रक्त आणि ईईजी बाहेरच्या दरानं. दीड तास देणाऱ्या माणसांना हे पैसे जास्त वाटले नाहीत, पण मजुरीवर पोट असलेल्यांना नक्कीच जड जातील. ताईंनी आम्हाला निरामय आरोग्य विम्याची माहिती दिली. राष्ट्रीय न्यास ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची ही योजना बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, ओपीडीचा खर्चही धरतात, आणि विमा घेण्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दुसरं म्हणजे, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, भाऊ-वहिनी तर नाहीतच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ऑपरेशनच्या सहीपासून बँकेच्या खात्यापर्यंत ते लागतं. आमचा अर्ज सासूबाई गेल्यावर ह्यांनी केला, तुम्ही आईवडील आहेत तोवर कागद जमवायला घ्या.

जाणार असाल तर गुरुवारी सकाळी फोन करून डाउन सिंड्रोमचा पेशंट आहे हे आधीच सांगा, म्हणजे शेवटचा नंबर देतात, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. जिना चढायला एक धट्टाकट्टा माणूस बरोबर न्या. पेशंटबरोबर रोज राहणारं माणूस हवंच, फक्त पैसे भरणारं नको. जुने रिपोर्ट, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आणि लग्नाकार्यातले जुने व्हिडिओ असतील तर तेही मोबाइलमध्ये घेऊन जा. आमच्या घरच्या एका मुंजीच्या कॅसेटमध्ये बापू पंगतीला वाढताना दिसतात, ती सीडीवर काढून नेली तर डॉक्टरांनी पूर्ण बघितली. आणि तुमच्या घरचं माणूस अजून तिशी-पस्तिशीत ठणठणीत असेल तर आजच त्याचं शूटिंग करून ठेवा: चहा करताना, बूट घालताना, गाणं म्हणताना, जे काही त्याचं रोजचं काम असेल ते. थायरॉइड दर एक-दोन वर्षांनी तपासा. चाळिशी लागली की विस्मरणाची तपासणी दरवर्षी करायला सांगतात, त्यासाठी काही बिघडायची वाट बघायची नाही. आमच्याच गल्लीत एक एकोणचाळीस वर्षांची मुलगी आहे, छान पोळ्या लाटते. तिच्या आईला मी येत्या गुरुवारी घेऊन जाणार आहे.